गोठ्याचं वर्कशॉप

गोठा रिकामा झाला २०१९च्या दिवाळीनंतर. शेवटची बैलजोडी नानांनी विकली आणि पुढच्या आषाढापासून चिखलणीला भाड्याचा पॉवर टिलर यायला लागला. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. बैल गेले त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दावं तेवढं खुंट्याला तसंच राहू दिलं. पुढे दोन वर्षं ते तिथेच लोंबत होतं.

मी कोथरूडला राहतो. भोसरीला टूलरूममध्ये सव्वीस वर्षं काढली आणि मग स्वेच्छानिवृत्ती घेतली. सुतारकामाचा नाद आधीपासूनचा. तो फ्लॅटच्या बाल्कनीत भागवायचो, आणि खालच्या काकूंच्या वाळवणावर भुसा पडला की आमच्या घरात अबोला व्हायचा. चांदणी चौक ओलांडला की भूगाव, पिरंगुट, पौड, आणि पौडच्या पुढे आमचं गाव. म्हटलं, चाळीस बाय अठराची दगडी इमारत आयती पडून आहे. मधल्या दावणी काढायच्या, खाली कोबा टाकायचा, अर्ध्यात वर्कशॉप, अर्ध्यात भाताची पोती, पंप, अवजारं. चार महिन्यांचं काम. प्रत्यक्षात दोन पावसाळे गेले.

आधी कागद. गोठा गावठाणात येतो, त्यामुळे बिनशेतीचं प्रकरण करावं लागलं नाही. हाच गोठा शेतात असता तर गोष्ट वेगळी होती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये शेतघराची व्याख्या आहे. तिच्यात गुरं, वैरण, अवजारं, धान्य हे सगळं बसतं, पण लोकांचं फर्निचर करून देणं बसत नाही. तरी मी एक घोळ घातलाच. ग्रामपंचायतीत जाऊन "आठ-अ द्या" म्हणालो. आठ-अ तलाठ्याकडे मिळतो, तो जमिनीच्या खात्याचा. घरं, गोठे, त्यांच्यावरची कर आकारणी हे सगळं ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला असतं. नाव जवळजवळ एकच, कचेऱ्या दोन. नमुना ८ वर अजून आजोबांचंच नाव होतं, म्हणून वारसनोंद आली, म्हणजे मुंबईच्या आत्यांची सही आली, म्हणजे दिवाळीपर्यंत थांबणं आलं. २०२१च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं.

गोठा रिकामा करताना काय काय निघालं ते सांगत बसत नाही. माळ्यावरचा पेंढा उपसायलाच दोन दिवस लागले आणि त्यात नागाची कात मिळाली. नानांनी ती हात जोडून बाजूला ठेवली.

खरी गंमत खांबांची. मधल्या ओळीत ऐनाचे पाच खांब, त्यांच्यावर आढं, आढ्यापासून दोन्ही भिंतींवर उतरणारे वासे, वर रीपा आणि मंगलोरी कौलं. बाहेरून बघितलं तर खांब लोखंडासारखे. सुताराने पटाशीचा मागचा भाग एकेका खांबाच्या बुंध्यावर हलकेच ठोकला. पहिल्याचा आवाज ठण् आला, दुसऱ्याचा भद्द. तिसऱ्यावर त्याने पटाशी उलटी धरून नुसती टेकवली तर ती बोटभर आत गेली. पाचांपैकी तीन बुंध्याशी वाळवीने खाल्लेले. खांब थेट जमिनीत गाडलेले होते, खाली तळखडे, म्हणजे बैठकीचे दगड, नव्हतेच. वाड्याला तळखडे बसवायचे आणि गोठ्याला खड्डा चालायचा, असा तेव्हाचा हिशेब असावा.

खांब बदलायचे तर सगळं छप्पर उतरवावं लागलं असतं. सुतार म्हणाला, "उतरवायचं नाही. उचलायचं." कौलं मात्र आधी काढली. त्याचा हिशेब मी वहीत केला होता. छपराचं क्षेत्र साधारण हजार चौरस फूट, चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलं, म्हणजे चौदाशे. एक कौल सव्वादोन-अडीच किलोचं, म्हणजे कोरडं असताना डोक्यावर सव्वातीन टन. एवढं वजन वर ठेवून कुजलेल्या खांबाला हात लावायची माझी छाती नव्हती.

मग आढ्याखाली खांबाच्या दोन्ही अंगांना सागवानी टेकू आणि टेकूखाली गॅरेजमधून मागून आणलेले दोन दहा टनी जॅक. माझा एक हात जॅकच्या दांड्यावर आणि डोळा डायल गेजवर, टूलरूमची सवय. सुतार गेजकडे बघेना. त्याने खांबाला कान लावला होता. "मारा एक. थांबा. मारा अजून." माझ्या गेजवर अडीच मिलिमीटर झालं तेव्हा तो म्हणाला, "एक सूत झालं." एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरला जरासं जास्त. पुढच्या दोन झटक्यांना आढ्यातून कर्र आवाज आला, वरून पन्नास वर्षांची काजळी आणि चिमण्यांचं घरटं खाली आलं. सुतार म्हणाला, "सुटला." खांब आढ्यापासून केसभर मोकळा झाला होता. मग चार सूत वर घेतलं, खालचा कुजका फूटभर भाग करवतीने कापला आणि तिथे घडीव काळ्या दगडाचा तळखडा बसवला, वर खाच पाडून. जॅक उतरवल्यावर आढं पुन्हा खांबावर बसलं तेव्हा आवाज आला नाही. सुताराने कान काढला आणि तंबाखू मळायला बसला. असे तीन खांब, तीन दिवस.

वाळवीसाठी नानांचा उपाय जळक्या ऑइलचा होता. गावात सगळे तेच लावतात. पण जिथे ग्राइंडर चालणार, ठिणग्या उडणार, तिथे खांबांना ऑइल पाजायचं हे मला पटेना. क्लोरपायरीफॉस वीस टक्क्यांचं आणलं. एक लिटर औषधाला एकोणीस लिटर पाणी, म्हणजे एक टक्का द्रावण होतं. भिंतीच्या बुडाशी एकेका फुटावर भोकं पाडून ते ओतलं. नाना दोन दिवस फुगून होते.

कौलं धुऊन, फुटकी निवडून परत चढवली. दीडशे नवी लागली. वानरांचा त्रास आमच्याकडे इतका आहे की पावसाआधी शाकारणी केली तरी श्रावणात एकदा वर चढावंच लागतं. जुन्या कौलांमध्ये वीसेक बासेल मिशनची निघाली, मागे १८६५ उठवलेलं. पुतण्याने लगेच फोटो काढून आमचा गोठा दीडशे वर्षांचा करून टाकला. १८६५ हे मंगलोरच्या त्या कारखान्याच्या स्थापनेचं साल, कौल भाजल्याचं नव्हे. गोठा आजोबांनी बांधला, कौलं कुठल्यातरी मोडलेल्या घराची आणली असतील. उत्तरेच्या पाखीत बारा काचेची कौलं घातली. या एका गोष्टीवर मी बेहद्द खूश आहे. दिवसभर सारखा, सावली न पाडणारा उजेड बेंचवर येतो आणि दक्षिणेसारखं ऊन आत शिरत नाही.

मग जमीन. फरसबंदीला नालीकडे चांगलाच उतार होता, मुताचा निचरा व्हावा म्हणून. बैलांना तो सोयीचा होता, मशीनला नाही. फरशा उचलून खालची फूटभर माती काढली, तर ती न्यायला गावातली चार माणसं घमेली घेऊन आली. गोठ्याची माती म्हणजे फुकटचं खत. मी उदारपणे वाटली. त्या मातीत काय आहे हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. खाली दगडाचं सोलिंग, वर मुरूम ठोकून, त्यावर प्लास्टिकचा कागद, जाळी, चार इंच काँक्रीट, सिमेंट-वाळू-खडी एकास दीड, तीन. आतलं क्षेत्र पाचशे तीस चौरस फूट, चाळीस पोती सिमेंट लागलं. आळी करून दहा दिवस पाणी साठवलं. भिंती आतून चार फुटांपर्यंत सिमेंटने गिलावा करून घेतल्या, वर चुन्याचा हात. गवंड्याने कोपरा असा काढला होता की गुण्या लावून बघावा. मार्च २०२२ मध्ये मशीन आली आणि मी अक्षय्य तृतीयेला नारळ फोडला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस धुवाधार पाऊस झाला. पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर रंधा मशीनच्या टेबलावर तांबूस साय धरली होती. तेल लावून ठेवलेलं टेबल. पावसाळ्यात गंज धरतोच, पण हा सगळीकडे सारखा नव्हता. भिंतीकडच्या बाजूला जाड, मधे विरळ. भिंतीला टेकून ठेवलेल्या अँगलच्या रॅकचे मागचे पाय गंजून पापुद्रे सुटले होते आणि पुढचे पाय जसेच्या तसे. पत्नीने गिलाव्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "अहो, हे पोकळ वाजतंय." दसऱ्यापर्यंत निम्मा गिलावा पत्र्यासारखा सुटून खाली आला. मागे दगडांवर पांढरी, कापसासारखी लव. मी जिभेला लावून बघितली. खारट, आणि नंतर किंचित गार.

नानांना दाखवलं तर ते म्हणाले, "लोणा धरलाय. बैलं मुतली का न्हाईत पन्नास वर्सं? गेलं कुठं ते?"

गेलं कुठं, याचं उत्तर भिंतीत होतं. जनावराच्या मुतात युरिया, मातीतले जीवाणू त्याचं हळूहळू नायट्रेट करतात. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा पूर्वी अशाच गोठ्यांची आणि जुन्या वस्त्यांची माती धुऊन काढत. आमची भिंत मातीत रचलेल्या दगडांची. जमिनीतली ओल वर चढते, सोबत क्षार नेते. पूर्वी ती ओल मातीच्या लिंपणातून बाहेर पडत होती. मी आतून सिमेंटचं कातडं चढवलं, खाली प्लास्टिक टाकून जमिनीचं तोंडही बांधलं. सगळी ओल भिंतीकडे वळली. गिलाव्यामागे पाणी सुकलं की क्षारांचे खडे वाढतात आणि गिलाव्याला ढकलून देतात. हे क्षार हवेतलं पाणीही ओढतात. मुळशीच्या जुलैत ओढायला पाण्याला काय तोटा! माझी मशीन म्हणजे मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेली होती.

हे सगळं मला कळलं ते कसबा पेठेतल्या एका म्हाताऱ्या गवंड्याकडून. जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीत त्यांचा जन्म गेलेला. दोघातिघांनी वॉटरप्रूफिंगचं कोटेशन दिलं होतं, एकाने तर भिंतीला आतून टाइल्स लावा म्हणून सांगितलं. हे बाबा गोठ्यात आले, भिंतीकडे बघायच्या आधी बाहेर जाऊन भिंतीच्या बुडाशी उभे राहिले. मागच्या भिंतीला लागून आमचा जुना उकिरडा. तो वाढत वाढत आतल्या जमिनीपेक्षा दोन फूट वर गेलेला. "आधी हे काढा, मग मला बोलवा."

उकिरडा काढला. बाहेरून भिंतीलगत चर खणून खडी भरली, उतार ओढ्याकडे दिला. वळचणीला पन्हळ लावली, जी पहिल्याच दिवशी लावायला हवी होती. आत कटर लावून भिंतीलगतची नऊ इंचांची काँक्रीटची पट्टी चारही बाजूंनी कापून काढली. स्वतःच टाकलेलं आठ महिन्यांचं काँक्रीट कापताना जीव तुटतो, पण ओलीला वर यायला भिंतीशिवाय दुसरी वाट हवी होती. पट्टीत नुसती खडी. सिमेंटचा उरलासुरला गिलावा काढला आणि थंडीभर भिंत तशीच उघडी ठेवली. दर रविवारी कोरड्या ब्रशने पांढरं झाडायचं. धुवायचं नाही, बाबांची सक्त ताकीद, धुतलं की सगळं परत आत जातं. पहिल्या महिन्यात रविवारी अर्धं घमेलं निघायचं, फेब्रुवारीत मूठभर.

चुना आम्ही स्वतः विरवला. कळीचा चुना आणला, पांढरट खडे, हातात घेतले तर वाटतं याने काय होणार. अर्धा ड्रम पाणी, त्यात बाबा फावड्याने कळी टाकायचे. कळीवर पाणी ओतायचं नाही, पाण्यात कळी टाकायची. पहिलं फावडं पडलं, काही नाही. मी बाबांकडे बघितलं. ते ड्रमकडे बघत होते. मिनिटभराने तळातून एक गुडगुड, मग खडा मधोमध फुटला, मग दुसरा, आणि पाहता पाहता सगळा ड्रम पिठल्यासारखा रटरटायला लागला. चूल नाही, जाळ नाही आणि वाफ थेट कौलांपर्यंत. चष्मे घातले होते म्हणून ठीक. पुतण्याच्या हातावर एक थेंब उडाला त्याचा डाग महिनाभर होता. तो चुना तीन आठवडे पाण्याखाली मुरवला. काढला तेव्हा लोण्यासारखा, थापीला चिकटून राहणारा.

एकास तीन वाळू, भिजवायला गुळाचं आणि बेलफळाचं पाणी. गुळाने नेमकं काय होतं हे विचारल्यावर बाबा म्हणाले, "मुंग्या येतात." मग हसून म्हणाले की चुना सावकाश धरतो, चिरत नाही. पूर्वी बैलांच्या घाणीत दगडी चाकाखाली चुना मळायचे, आम्ही भाड्याचा मिक्सर लावला. चारशे चौरस फूट, दोन हात, आणि वर ओली पोती दहा दिवस. सिमेंटवाला गवंडी चार दिवसांत मोकळा झाला होता, इथे महिना गेला. "हा गिलावा पण खराब होणार," बाबांनी जाताना सांगितलं. "क्षार याच्यातून बाहेर येत राहणार. दहा-बारा वर्षांनी पुन्हा करा. हा मरतो, भिंत जगते."

तेव्हापासून भिंतीला मी काहीही लावत नाही. रॅक खांबांना बांधलेत, मशीन भिंतीपासून दोन फूट पुढे. हत्यारांची फळी आढ्यापासून टांगलेली आहे, पटाश्या कापराच्या वडीसोबत पेटीत. सागाची फळी मेमध्ये मीटरवर नऊ टक्के ओल दाखवते, तीच ऑगस्टमध्ये पंधरा. म्हणून ड्रॉवर उन्हाळ्यात अगदी घट्ट बसवायचे नाहीत, हे मी एका गिऱ्हाईकाचे चार ड्रॉवर परत घासून शिकलो.

बाकीचं पटकन सांगतो. विहिरीवरच्या कृषिपंपाच्या जोडणीवर वर्कशॉप चालवणं नियमात बसत नाही, आणि तेव्हा ती वीज पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री यायची, ती काय कामाची. वेगळं मीटर घेतलं, वायरिंग पाइपातून, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), नवं अर्थिंग. तिसऱ्या खांबापाशी विटांची भिंत थेट कौलांपर्यंत नेली. पलीकडे पोती आणि पेंढा, अलीकडे ग्राइंडर. ही भिंत छपरापर्यंत कशाला, असं तिघांनी विचारलं. ठिणगी वरून जाते म्हणून. बेंचचा शिकंजा जुन्या बाजारातून, रविवारी सकाळी लवकर गेलात तर चांगला मिळतो. मशीन भोसरीतल्या ओळखीने, वापरलेली.

खर्च साडेपाच लाखांवर गेला. मोकळ्या जागेत पत्र्याची नवी शेड तीन-सव्वातीनमध्ये झाली असती, हे मला दोन मित्रांनी कोटेशनसह दाखवलं. त्यांचं बरोबर आहे. पत्र्याखाली एप्रिलची दुपार काढायची नसेल तर मात्र माझंही थोडं बरोबर आहे. गवंड्याला दोनदा पैसे दिले हा मूर्खपणा माझा, त्याला कौलांचा इलाज नाही.

खैऱ्या बैलाचा खुंटा आणि एक गव्हाण ठेवली आहे, स्टोअरच्या कोपऱ्यात. गव्हाणीत आता कातऱ्या आणि कोयते असतात. त्या कोपऱ्यातली भिंत अजून सगळ्यांत जास्त फुटते. खैऱ्या मुतायचा फार, असं नाना म्हणतात.

या जानेवारीत भिंत झाडली तर मोजून एक वाटी निघालं. मी ते टाकायला निघालो तर नानांनी वाटी हातातून घेतली आणि कुंपणाकडच्या भोपळ्याकडे चालायला लागले.

"नाना, खारट आहे ते. वेल जळेल."

"गेल्या साली जळला का?"

"गेल्या वर्षी पण घातलं होतंत?"

ते थांबले नाहीत. "मंग भोपळं कुठनं खाल्लं तू?"